नमाजीत दिल लागत नाही तेव्हा

मक्केतल्या सुरुवातीच्या वर्षांतली हकीकत आहे. वही, म्हणजे अल्लाहकडून येणारा संदेश, येणं काही काळ थांबलं होतं. हुजूर (स.), म्हणजे मुहम्मद पैगंबर, आजारी होते, दोन-तीन रात्री उठून नमाज पढणं झालं नव्हतं. अशात एक बाई आली आणि तोंडावर म्हणाली, मुहम्मद, तुझ्या सैतानाने तुला सोडलेलं दिसतंय. बुखारी शरीफ या हदीसच्या, म्हणजे हुजूरांच्या वचनांच्या आणि हकीकतींच्या, संग्रहात हे नोंदलेलं आहे. त्यानंतर जी सूरा उतरली तिने नेमक्या त्याच दुखऱ्या जागेवर हात ठेवला: तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, आणि तो तुझ्यावर नाराजही नाही.

ही सूरह दुहा, कुराणातली 93वी. अकराच आयती. कोकणातल्या आमच्यासारख्या मुलींना ती मक्तबमध्ये, म्हणजे कुराण शिकवणाऱ्या वर्गात, अम्मपारा हा कुराणाचा शेवटचा भाग शिकताना लहानपणीच पाठ होते, अर्थ कळण्याच्या खूप आधी. मलाही तशीच पाठ झाली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात मगरिबनंतर आम्ही मुलं डोलत डोलत ती म्हणायचो, आणि उस्ताद फक्त उच्चार तपासायचे. अर्थ पुढे मराठी तर्जुम्यातून वाचला, आणि त्यातलं एक मात्र कितीतरी वर्षांनी ध्यानात आलं: या सूरेत रागावणं कुठेच नाही. दोन-तीन रात्री का उठला नाहीस, असा सवाल नाही. आधी शपथ आहे, चढत्या सकाळच्या उजेडाची आणि पसरून निवांत झालेल्या रात्रीची, दोन्हींची. मग दिलासा. मग आठवण: तू यतीम, म्हणजे पोरका, होतास, त्याने आसरा दिला, वाट सापडत नव्हती, त्याने दाखवली, तंगीत होतास, त्याने पुरवलं. आणि शेवटी तीन कामं: यतीमाला दाबू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस, रबच्या नेमतींचं बोलत राहा.

देवाने सोडलं की काय, या भीतीला दिलेल्या उत्तरात यतीम आणि मागणारा यावा, यावर मी खूप वेळ विचार केला आहे. आतलं सगळं गप्प झालेलं असतं तेव्हा माणूस आपल्याच छातीवर कान लावून बसतो. काही ऐकू येतंय का, ईमान, म्हणजे श्रद्धा, आहे का, गेलं का. ही सूरा त्याला तिथून उठवते आणि दाराशी कोण उभं आहे ते बघायला लावते.

माझा स्वतःचा असा काळ आला तो धाकट्याच्या वेळी. बाळंतपणानंतर बाईला नमाज माफ असते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलक, म्हणजे धर्मनियमांची ती परंपरा, मानणारे. आमच्याकडे निफासची, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची, मुदत बहुतेकींची चाळीस दिवसांच्या आसपास धरतात, आणि जास्तीत जास्त साठ. त्या नमाजा नंतर भरूनही काढायच्या नसतात. मग दिवस संपले, गुसलची अंघोळ झाली, नमाजीचा मुसल्ला पुन्हा अंथरला, आणि त्यावर उभी राहिले ती नुसतीच. ओठ हलत होते. रुकू, सजदा, सगळं जागच्या जागी. पण पूर्वी सजद्यात डोकं टेकलं की जे काही छातीतून सैल व्हायचं ते होईना. आठवडे गेले, रमजान आला, रमजान गेला. मुंब्र्याच्या आमच्या दोन खोल्यांत पाचही वेळा अजान ऐकू यायची, एका मशिदीची संपेपर्यंत दुसरीची सुरू. आणि ती ऐकून काही होत नाहीये, एवढंच कळायचं.

आपल्याकडे असं कुणाला सांगितलं की दोन उत्तरं ठरलेली आहेत. सैतानाचा वसवसा, म्हणजे त्याने मनात घातलेली शंका, आहे, लाहौलचे बोल पढ. किंवा, काही गुनाह झाला असेल, तौबा कर. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत. सैतान आहे, गुनाह होतात, तौबा रोजच करायची असते. पण थकलेल्या माणसाला पहिल्याच वाक्यात गुन्हेगार ठरवलं की तो पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि मुसल्ल्याजवळ जायलाही बिचकतो. मला वाटतं, आपल्या घराघरांतून कित्येक बायका आणि कित्येक तरुण मुलं असंच गप्प राहून दीनपासून, म्हणजे धर्मापासून, लांब गेली आहेत. ईमान नको होतं म्हणून नव्हे. ते ओसरलं तेव्हा कुणी जवळ बसलं नाही म्हणून.

हंजला (रजि.) या हुजूरांच्या साथीदाराजवळ मात्र कुणीतरी बसलं. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातली ही हदीस मी कुणालाही, कधीही सांगायला तयार असते. हंजला साधे कुणी नव्हते, हुजूरांच्या कातिबांपैकी होते, लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं. एके दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) त्यांना भेटले आणि विचारलं, कसा आहेस? हंजला म्हणाले, हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला. अबू बक्र म्हणाले, सुब्हानल्लाह, काय बोलतोस! तेव्हा त्यांनी सांगितलं: आपण हुजूरांजवळ असतो, ते जन्नत-जहन्नमची आठवण देतात तेव्हा सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. तिथून उठून घरी येतो, बायका, मुलं, शेतीवाडी यांत पडतो आणि पुष्कळसं विसरून जातो.

अबू बक्र काय म्हणाले ते पाहा. त्यांनी वाज, म्हणजे उपदेश, दिला नाही, उपायही सांगितला नाही. म्हणाले, अल्लाहची कसम, आमचंही असंच होतं. ज्यांच्या ईमानाची मिसाल उम्मत चौदाशे वर्षं देते आहे, ते म्हणतात, आमचंही असंच होतं. मग दोघं मिळून हुजूरांकडे गेले. हंजलांनी तिथेही तेच वाक्य उच्चारलं, हंजला मुनाफिक झाला. आणि हुजूर (स.) म्हणाले: ज्याच्या हातात माझा जीव आहे त्याची कसम, तुम्ही माझ्याजवळ जसे असता तसेच कायम राहिलात, तर फरिश्ते तुमच्या बिछान्यांवर आणि तुमच्या वाटांवर येऊन तुमच्याशी मुसाफा करतील, हात मिळवतील. पण हंजला, साअतन व साअतन. एक घडी अशी, एक घडी तशी. हे तीन वेळा म्हणाले.

काही लोक या हदीसचा अर्थ एवढाच घेतात की अधूनमधून मौजमजा चालते. मला ते वाचन फार उथळ वाटतं. हंजला मौजेची परवानगी मागायला गेले नव्हते. ते रडवेले होऊन गेले होते, आपलं ईमान ढोंगी आहे की काय या धास्तीने. आणि त्यांना सांगितलं गेलं की चढलेलं मन उतरतं, माणूस फरिश्ता नाही, यात निफाक, म्हणजे ढोंग, नाही. ज्याला निफाकची एवढी भीती वाटते, तो स्वतःचं ईमान किती जपतो आहे हेही त्या भीतीतच दिसतं.

हे कळल्यावर मी दीनच्या हुकमांकडेही वेगळ्या नजरेने पाहायला लागले. किती जागी आपल्या उतरत्या वेळेची सोय आधीच करून ठेवलेली आहे! मदीनेच्या मशिदीत दोन खांबांच्या मध्ये एक दोर बांधलेला हुजूरांना दिसला. हे काय? लोक म्हणाले, हा जैनब यांचा दोर आहे; नमाजीत उभं राहून थकल्या की त्या याला धरतात. हुजूर (स.) म्हणाले, सोडा तो. अंगात उमेद असेल तोवर नमाज पढावी, थकलं की बसावं. दोर धरून उभं राहण्यात केवढी तळमळ होती, आणि ती ओळखूनही त्यांनी तो सोडवला. तसेच अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.), ऐन जवानीत रोज रोजा धरायचे आणि रोज रात्री पूर्ण कुराण पढायचे. हुजूरांनी त्यांना समजावून पुष्कळ कमी करायला सांगितलं, महिन्याला तीन रोजे पुरेत म्हणाले. ते मात्र, मला जास्त झेपतं, असंच म्हणत राहिले. म्हातारपणी तेच म्हणायचे, हुजूरांनी दिलेली सवलत मी घेतली असती तर बरं झालं असतं. आणि हुजूरांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेलं ते तर सगळ्यांना ठाऊक आहे: अल्लाहला सगळ्यांत आवडतो तो नेमाने होणारा अमल (नेक काम), थोडा का असेना.

म्हणून त्या दिवसांत मी नफिल, म्हणजे ऐच्छिक नमाजा, सोडून दिल्या. तरावीहची, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या जादा नमाजीची, मोजणी सोडली. दिवसाला कुराणाचा एक पारा (भाग) संपवण्याचा हट्ट सोडला, कारण तो संपवताना मी पानं उलटत होते आणि मनात दुसराच हिशेब चालू असायचा. पाच फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजा धरून ठेवल्या. त्याही कित्येकदा कडेवर मूल, कित्येकदा असरची वेळ सरता सरता. सोबत रात्री झोपण्याआधीची तस्बीह तेवढी ठेवली.

या तस्बीहबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती कुणाला आणि कशासाठी मिळाली हे आपण विसरून गेलो आहोत. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हाताला जातं ओढून ओढून घट्टे पडले होते. काही कैदी आले आहेत असं कळल्यावर घरकामाला एखादं माणूस मिळावं म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. हुजूर घरी नव्हते, म्हणून आयशांना सांगून परत आल्या. हुजूर आले, त्यांना कळलं, आणि ते रात्री मुलीच्या घरी गेले. अली आणि फातिमा दोघं निजले होते, उठू लागले. राहू द्या, म्हणाले, आणि दोघांच्या मध्ये बसले. हजरत अली (रजि.) सांगतात, त्यांच्या पावलांचा गारवा मला माझ्या छातीवर जाणवला. मग म्हणाले, तुम्ही मागितलं त्याहून चांगलं काही सांगू? बिछान्यावर पडलात की 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणा; नोकरापेक्षा हे तुमच्यासाठी बरं आहे.

हातावर घट्टे पडलेल्या, दमून आडव्या झालेल्या बाईला दिलेला हा जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, आहे. तिला उठवून मुसल्ल्यावर उभं केलं नाही. ती होती तिथे, पडल्या पडल्या, तिच्या हाती दिला. आपण तो जलशांमध्ये मोठ्या आवाजात ऐकतो तेव्हा त्यातलं जातं आणि बिछाना दोन्ही गळून जातात. मी तो बाळाला थोपटता थोपटता म्हणायचे. बहुतेक वेळा चौतीसपर्यंत पोचायच्या आत झोप लागायची.

इमाम गझालींची हकीकत अशा वेळी लोक हमखास सांगतात. 1095 साली बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना त्यांची जीभच चालेनाशी झाली, घास गिळवेना, हकीम म्हणाले की दुखणं दिलातून उतरलं आहे. मग सगळं सोडून ते दमिश्कला गेले आणि तिथल्या मोठ्या मशिदीच्या मिनारात दार लावून बसायचे. फार मोठा माणूस आणि फार खरी हकीकत. पण दूधपित्या मुलाच्या आईला मिनार कुठला? गझालींनी जाण्याआधी मुलाबाळांच्या पोटापाण्याची तजवीज केली होती, हेही सांगणाऱ्यांनी सांगितलं पाहिजे. मला आधार मिळाला तो जात्याच्या हकीकतीतून.

आणि हज्जच्या वाटेवर रडणाऱ्या आयशांकडून. हुजूरांच्या आखरी हज्जच्या सफरीत, मक्केच्या जवळ सरिफ नावाच्या जागी त्यांचे हैजचे, म्हणजे मासिक पाळीचे, दिवस सुरू झाले. आता सगळं वाया गेलं असं वाटून त्या रडत होत्या. हुजूर (स.) म्हणाले, हे तर अल्लाहने आदमच्या लेकींसाठी लिहिलेलंच आहे, हाजी जे जे करतो ते सगळं कर, फक्त काबाचा तवाफ (प्रदक्षिणा) तेवढा करू नकोस. महिन्याच्या त्या दिवसांत, बाळंतपणात, कित्येक मुलींना वाटतं की आपल्याला दारातून बाहेर उभं केलं आहे. त्यातून सवय तुटते आणि मन कोरडं पडतं. पण नमाज थांबते तेव्हा दुआ थांबत नाही, जिक्र थांबत नाही, दरूद, म्हणजे हुजूरांसाठीची दुआ, थांबत नाही. हे आपल्या मुलींना वयात येतानाच सांगायला हवं. वजूच्या वेळा आणि गुसलचे नियम शिकवतो तितक्याच बारकाईने.

एक गोष्ट मात्र आणखी आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. बाळंतपणानंतर जे मला होत होतं ते सगळंच रूहचं, म्हणजे आत्म्याचं, नव्हतं. रात्र-रात्र जागरण, रक्त कमी, विनाकारण रडू. शेवटी डॉक्टरकडे गेले, औषध घेतलं, बरंच सुधारलं. डॉक्टरकडे गेल्याने तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, कमी होतो असं मानणाऱ्यांनी ती हदीस आठवावी: इलाज करा, कारण अल्लाहने असा आजार ठेवलेला नाही ज्याची दवा ठेवली नाही. हजरत आयशा आजारी माणसाला आणि घरात मौत झालेल्यांना तल्बीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, द्यायला सांगायच्या. हुजूरांनी म्हटल्याचं त्या सांगत की त्याने आजाऱ्याच्या दिलाला आराम पडतो आणि गम थोडा हलका होतो. गमगीन घरात आधी पेज पाठवणारा हा दीन आहे. सबर कर, हे नंतरही सांगता येतं.

पण डॉक्टर, औषध, झोप, सगळं झाल्यावरही नमाजीतली ती गोडी लगेच आली नाही. तेव्हा मला इब्न अताउल्लाह सिकंदरी यांचं एक वचन भेटलं. मिसरचे, म्हणजे इजिप्तचे, हे बुजुर्ग 1309 मध्ये काहिऱ्यात, म्हणजे कैरोत, वारले. ते सांगतात, जिक्रात दिल हजर नाही म्हणून जिक्र सोडू नकोस. जिक्र करताना गाफील राहण्यापेक्षा जिक्रच सोडून गाफील होणं जास्त वाईट. कोण जाणे, तो तुला गाफील जिक्रातून जाग्या जिक्राकडे नेईल, आणि तिथून हजर दिलाच्या जिक्राकडे. हे अल्लाहला जड नाही. सूफी लोक दिल आवळून येण्याला कब्ज म्हणतात आणि खुलण्याला बस्त, आणि दोन्ही एकाच हातून येतात असं मानतात. मी सूफी नाही, पण कोरड्या ओठांनी पढलेली नमाजही नमाजच असते हे मला या वचनाने पटवलं. कदाचित ती जास्तच माझी होती, कारण तिच्यात मला काही मिळत नव्हतं आणि तरी मी उभी होते.

जाणूनबुजून केलेल्या गुनाहने मन कठीण होतं, ती गोष्ट वेगळी, आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. तिथे तौबाच लागते. पण तिथलीही भाषा पाहा. सूरह हदीदमध्ये विचारलं आहे, ईमानवाल्यांची दिलं अल्लाहच्या आठवणीने झुकण्याची वेळ अजून आली नाही का? आधी ज्यांना किताब मिळाली त्यांच्यासारखे होऊ नका, काळ लोटला आणि त्यांची दिलं कठीण झाली. फुजैल बिन इयाज हे वाटमारी करायचे, रात्री कुठेतरी भिंत चढताना ही आयत कानावर पडली आणि म्हणाले, या रब, आली ती वेळ; अशी त्यांची हकीकत सांगतात. आयत कडक आहे. पण लगेच पुढची, 57:17, म्हणते: जाणून असा, अल्लाह जमिनीला तिच्या मरणानंतर जिवंत करतो. कठीण दिलाची गोष्ट निघाल्याबरोबर मेलेल्या जमिनीची आणि पावसाची गोष्ट. आमच्याकडचा सडा ज्याने मे महिन्यात पाहिला आहे, नुसता काळाठिक्कर तापलेला कातळ, आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कातळावर बोटभर मातीत उगवलेली ती निळी-जांभळी फुलं, त्याला या दोन आयती एकामागोमाग का आल्या ते सांगावं लागत नाही. कातळ स्वतः पाऊस पाडत नाही. कातळाने मे महिन्यात तिथे असणं, एवढंच त्याच्याकडून होतं.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना कुणीतरी विचारलं होतं, हुजूर तुमच्याकडे असताना सगळ्यांत जास्त कोणती दुआ करायचे? त्यांनी सांगितलं: या मुकल्लिबल कुलूब, सब्बित कल्बी अला दीनिक. हे दिलं फिरवणाऱ्या, माझं दिल तुझ्या दीनवर कायम ठेव. नबी ही दुआ सगळ्यांत जास्त करायचे, हे वाचल्यापासून मी ती करताना लाजत नाही. पूर्वी वाटायचं, ही कच्च्या ईमानवाल्यांची दुआ आहे.

आता बरं आहे. पूर्वीसारखं रोज नाही, पण आहे. मधूनच पुन्हा कोरडे दिवस येतात तेव्हा मला एकटीने नमाज पढण्यापेक्षा कुणाच्या मागे उभं राहायला बरं वाटतं. आम्ही शाफई लोक पहाटेच्या फजरच्या नमाजीत दुसऱ्या रकातीत, म्हणजे दुसऱ्या फेरीत, रुकूत वाकून उठल्यावर कुनूत नावाची दुआ पढतो. एकटं असताना म्हणायचं, अल्लाह, ज्यांना तू वाट दाखवलीस त्यांच्यात मलाही वाट दाखव. इमाम असेल तर तो म्हणतो, आम्हाला दाखव, आणि मागचे आमीन म्हणतात. माझ्या स्वतःच्या तोंडून दुआ निघत नसेल तेव्हाही आमीन निघतं.

घरी आता पुष्कळदा मोठा मुलगा इमामत करतो, म्हणजे पुढे उभा राहून नमाज पढवतो. तो अजून बालिग, म्हणजे वयात आलेला, नाही, पण आमच्या मसलकात समज आलेल्या मुलाच्या मागे नमाज होते. अम्र बिन सलमा (रजि.) सहा-सात वर्षांचे असताना आपल्या कबिल्याची इमामत करायचे, कारण पाण्यावर थांबणाऱ्या काफिल्यांकडून ऐकून ऐकून त्यांनाच सगळ्यांत जास्त कुराण पाठ झालं होतं. अंगावरची चादर तोकडी पडायची, तर लोकांनी कापड आणून त्यांना कुर्ता शिवला, आणि तेवढी खुशी मला कशाचीच झाली नाही असं ते सांगतात. ही हकीकत माझ्या मुलाला फार आवडते. परवा झोपेच्या तारेत तो कुनूत विसरून सरळ सजद्यात गेला. मागून कुणी काही बोललो नाही. त्याला स्वतःलाच आठवलं. शेवटी सलाम फेरण्याआधी त्याने मक्तबमध्ये शिकवलेत तसे भुलीचे दोन सजदे केले, आम्हीही त्याच्यामागे केले, नमाज झाली, आणि तो शाळेचं दप्तर भरायला गेला.